ठेवायचं, लावायचं की घालायचं?

विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींमधली घरं लहान. जागा कमी असली की प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी लागते, आणि ती वस्तू त्या जागी कशी जाते यासाठी नेमकी क्रियापदंही लागतात. सकाळी सातच्या सुमाराला अशा घरात नुसतं कान देऊन ऐकावं. कुकर लावलास का? दूध तापत ठेव. चहात साखर घातली की नाही? पेले पालथे ठेव, ताटं मांडणीत उभी लाव. कपडे वाळत घाल. छत्री खुंटीला अडकव. पोळ्या डब्यात भर आणि डबा पिशवीत घाल. गणपतीच्या मखराचं सामान कधीच माळ्यावर टाकलेलं असतं. निघताना कपाटाचं दार लावायचं आणि किल्ली पर्समध्ये टाकायची. कपाट बहुधा गोदरेजचं. लोखंडी कपाटाला आपल्याकडे नुसतं ‘गोदरेज’ म्हणायची पद्धत आहे आणि त्या कंपनीची वसाहत इथून हाकेच्या अंतरावर आहे.

वरच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात इंग्रजी माणूस एकच क्रियापद वापरून भागवू शकतो: पुट. चहात साखर पुट, डब्यात पोळी पुट, माळ्यावर सामान पुट, पर्समध्ये किल्ली पुट. शाळेत आपण या शब्दाचा अर्थ ‘ठेवणे’ असा पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर त्या एका अर्थाची दुरुस्ती करत राहतो.

‘पुट’ हा साधा शब्द नाही याची साक्ष इंग्रजीच्या सर्वांत मोठ्या कोशानंच दिली आहे. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदींची फेरतपासणी ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाली. सर्वांत लांब नोंदीचा मान पूर्वी ‘सेट’कडे होता. तो २००० मध्ये ‘मेक’कडे गेला, २००७ मध्ये ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ‘रन’कडे. एकट्या ‘रन’चे क्रियापद म्हणून ६४५ अर्थ नोंदले गेले. म्हणजे चार वर्षं का होईना, इंग्रजीतला सर्वांत पसरलेला शब्द ‘पुट’ होता. या शब्दाचा जुना अर्थ ढकलणे, रेटणे असा होता. ढकलता ढकलता त्यानं ‘सेट’ आणि ‘ले’ या दोन जुन्या शब्दांचं बरंचसं काम स्वतःकडे घेतलं.

मुंबईच्या उपनगरांतून नोकरीसाठी आइंडहोव्हनला किंवा ॲमस्टेलव्हेनला जाणारी मराठी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. तिथे कचेरीत इंग्रजी चालतं. पण पाळणाघरात, शेजारी, भाजीबाजारात डच लागतं, आणि नागरिकत्व हवं असेल तर डच भाषेची परीक्षा द्यावी लागते. शिकणारा माणूस साहजिकच इंग्रजीच्या आधारानं शिकतो आणि फार लवकर ‘पुट’पाशी अडखळतो. कारण डच भाषेत ‘पुट’च्या मापाचा एकही शब्द नाही.

डच माणूस बाटली टेबलावर ठेवतो तेव्हा ‘झेटन’ म्हणतो. पुस्तक टेबलावर ठेवतो तेव्हा ‘लेख्खन’ म्हणतो. (यातला ‘ख्ख’ घशातून खरखरत येतो. आपल्या ‘लेखन’शी त्याचा काही संबंध नाही.) किल्ली खिशात जाते तेव्हा ‘स्टॉपन’, सूपमध्ये मीठ पडतं तेव्हा ‘दून’, कोट खुंटीला जातो तेव्हा ‘हांगन’, आणि टोकदार वस्तू कशात खुपसली तर ‘स्टेकन’. यांपैकी कुठलाही शब्द खास किंवा साहित्यिक नाही. तीन-चार वर्षांचं मूल दिवसभर हेच शब्द वापरत असतं.

फरक कुठे आहे ते पाहू. हात बाजूला झाल्यावर वस्तू कोणत्या अवस्थेत राहणार, हा डच भाषेचा पहिला प्रश्न असतो. वस्तू आपल्या बुडावर उभी राहणार असेल तर झेटन, आडवी पडून राहणार असेल तर लेख्खन. कारण नुसतं ‘आहे’ म्हणून डच माणसाचं समाधान होत नाही. बाटली टेबलावर ‘उभी असते’, पुस्तक ‘आडवं असतं’, किल्ली खिशात ‘बसलेली असते’, कोट ‘लटकत असतो’. यासाठी स्तान, लिख्खन, झिटन, हांगन अशी चार क्रियापदं आहेत. फ्रिजमध्ये बाटली ‘स्तान’ की ‘लिख्खन’ एवढं ऐकलं की ती दारातल्या कप्प्यात उभी आहे की खालच्या फळीवर आडवी घातली आहे हे न बघता कळतं. गंमत ताटलीची. ताटली आपल्या डोळ्यांना आडवी दिसते, पण डच भाषेत ती टेबलावर ‘उभी’ असते, कारण ती तिच्या बुडावर, तिच्या नेहमीच्या बैठकीत असते. तीच पालथी झाली की ‘आडवी’ होते. चेंडूला उभा-आडवा भेद नाही, म्हणून तो नेहमी ‘आडवा’. गावंही आडवी असतात: उत्रेख्त हे शहर नेदरलँड्समध्ये ‘पडलेलं’ आहे. आणि वर्तमानपत्रात छापून आलेली बातमी तिथे ‘उभी’ असते. लिहिलेलं, छापलेलं सगळं डच भाषेत उभं असतं. मार्टेन लेमेन्स या भाषाशास्त्रज्ञानं या क्रियापदांवर बारकाईनं लिहिलं आहे.

ही व्यवस्था तोंडी लावण्यापुरती नाही, ती भाषेच्या सांगाड्यात आहे. झेटन हे मुळात झिटनचं, म्हणजे बसण्याचं, प्रयोजक रूप: बसवणे. लेख्खन हे लिख्खनचं, म्हणजे आडवं असण्याचं, प्रयोजक: आडवं करणे. इंग्रजीतले ‘सेट’ आणि ‘ले’ हे यांचेच सख्खे भाऊ. झिटन आणि संस्कृतातला ‘सद्’ धातू, ज्यावरून सदन, संसद, परिषद हे शब्द आले, हे एकाच मुळातून निघालेले आहेत. काळाच्या ओघात झेटननं मात्र थोडी कूस बदलली. त्याचा जन्म बसण्यातून, पण आज ज्या वस्तूला ‘झेटन’ केलं ती वस्तू ‘उभी’ असते. बसलेल्या, म्हणजे आत असलेल्या, वस्तूचं काम स्टॉपन आणि दून यांनी उचललं. शिकणाऱ्याचा गोंधळ होतो तो इथे.

आता मराठीकडे येऊ, कारण मराठी माणसाला डचची ही रीत इंग्रजी माणसाइतकी परकी वाटायचं कारण नाही. ठेवण्याचं क्रियापद आणि असण्याचं क्रियापद अशी जोडी आपल्याकडेही आहे. फक्त आपली जोडी वेगळ्या गोष्टीवर बांधलेली आहे.

सगळ्यांत मोठी जोडी लावणे आणि लागणे यांची. दार लावलं की दार लागतं, दिवा लावला की दिवा लागतो. नंबर लावला तर नंबर लागतो, पैज लावली तर पैज लागते. मुलाला वळण लावलं तर वळण लागतं, सवय लावली तर सवय लागते. भटजी लग्न लावतात आणि लग्न लागतं. विक्रोळी स्थानकात लोकल फलाटाला लागते. या सगळ्यात वस्तू उभी की आडवी याची कुणी चौकशी करत नाही. चौकशी आहे ती स्पर्शाची, जोडलं जाण्याची. एक गोष्ट दुसरीला जाऊन भिडली, तिथे टिकली, कामाला लागली, की मराठी ‘लावणे’ म्हणते. म्हणूनच कुंकू लावतात, तिकीट लावतात, रोप लावतात, आणि नावापुढे आडनावही लावतात. कुणी विचारलं की मराठीतलं सर्वांत मोठं क्रियापद कोणतं, तर मी पैज लावायला तयार आहे की ते हेच.

दुसरी जोडी टाकणे आणि पडणे यांची. पत्र पेटीत टाकलं की पेटीत पडतं. खात्यात पैसे टाकले की पैसे पडतात. टाकण्यात हात सोडण्याचा भाव आहे: वस्तू सुटली, आता पुढचं तिचं ती बघेल. माळ्यावरचं सामान ‘टाकलेलं’ असतं ते यामुळे. तेच ‘ठेवलेलं’ म्हटलं तर मागे कुणाची तरी काळजी उभी राहते. ठेवणे या शब्दात राखण आहे. देव्हाऱ्यात निरांजन ठेवतात, शेजाऱ्याकडे किल्ली ठेवतात, सोनं गहाण ठेवतात. वस्तू परत हवी आहे, जिथे ठेवली तिथेच सापडायला हवी आहे. मांडणे याहून निराळं. त्यात बघणारा गृहीत असतो: पाट मांडतात, खेळाचा पट मांडतात, दुकान मांडतात, आणि सभेत मत मांडतात.

अशा रीतीनं वस्तूची ठेवण हा डचचा प्रश्न, तर वस्तूचं नातं हा मराठीचा. भिडली का, सुटली का, राखली का, मांडली का, हे मराठीला क्रियापदातच सांगायचं असतं. इंग्रजीतून डचमध्ये किंवा मराठीत भाषांतर करणाऱ्यानं ‘पुट’चा प्रतिशब्द शोधूच नये असं मला वाटतं. आधी डोळ्यांसमोर ती वस्तू आणावी आणि हात निघून गेल्यानंतरचं चित्र बघावं. शब्द त्या चित्रात मिळतो.

मग उभं-आडवं मराठीत कुठे जातं? ते क्रियापदात न राहता शेजारी येऊन बसतं. बाटली उभी ठेव, शिडी आडवी ठेव, तांब्या पालथा घाल, पत्ते उलटे ठेव. हवं तेव्हा सांगायचं, नको तेव्हा सोडून द्यायचं. डचमध्ये ही सोडण्याची मुभा नाही, दर वेळी निवड करावीच लागते. तमिळमध्ये आणखी एक तऱ्हा आहे: ‘उभं राहील असं ठेव’, ‘आडवं होईल असं ठेव’ अशा अर्थाच्या दोन-दोन क्रियापदांच्या रचना तिथे आहेत. भुवना नरसिंहन आणि मारिआन गुलबर्ग यांनी २०११ मध्ये तमिळ आणि डच मुलांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की डच मुलं चार-पाच वर्षांची झाली तरी ‘लेख्खन’ गरजेपेक्षा जास्त वापरतात, उभ्या ठेवायच्या वस्तूलाही तेच लावतात. तमिळ मुलं मात्र, त्यांच्या कानावर या रचना कमी पडत असूनही, त्या बरोबर वापरतात. कारण तमिळमध्ये ‘उभं’ हा अर्थ शब्दात उघड दिसतो. डच झेटनमध्ये तो झाकलेला आहे. डच मुलांनाच ज्याला इतका वेळ लागतो ते पस्तिशीतल्या अभियंत्याला पहिल्या सहा महिन्यांत येत नसेल तर त्यानं खंत करू नये.

गुलबर्ग यांचं दुसरं निरीक्षण मला याहून विलक्षण वाटतं. माणसं ठेवण्याची क्रिया सांगताना हातवारेही करतात. फ्रेंच भाषा ‘पुट’सारख्या एका सर्वसाधारण शब्दावर बरंच भागवते, आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचा हात बहुतेक करून वस्तू कुठून कुठे गेली एवढंच दाखवतो. डच बोलणाऱ्यांचा हात मात्र वस्तू धरल्यासारखा आकार घेतो. जीभ जे विचारते तेच हातही दाखवतो. या अभ्यासांचं माहेर म्हणजे नेदरलँड्समधल्या नाइमेखन शहरातली माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्था. तिथे मेलिसा बोवरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवण्या-काढण्याच्या छोट्या चित्रफिती तयार केल्या आणि त्या जगभरच्या भाषा बोलणाऱ्यांना दाखवून ‘काय झालं ते सांगा’ असं विचारलं. त्यातून २०१२ मध्ये एक जाडजूड ग्रंथ झाला. त्यात हिंदी आणि तमिळही आहेत.

बोवरमन यांचं त्याआधी नाव झालं ते सुनजा चोई यांच्याबरोबरच्या १९९१ च्या कोरियन भाषेवरच्या अभ्यासामुळे. कोरियनमध्ये वस्तू घट्ट बसली तर ‘क्कीदा’ हे क्रियापद येतं. पेनला टोपण बसवणं आणि कॅसेट तिच्या डबीत बसवणं, दोन्हीला तेच. इंग्रजी या दोहोंत ‘आत’ आणि ‘वर’ असा भेद करते, कोरियन सैल आणि घट्ट असा करते, आणि दोन वर्षांच्या आतली मुलंही आपापल्या भाषेप्रमाणे वागतात. आपल्याकडे ‘बसवणे’ या शब्दात हा घट्टपणा आहे: काच बसवतात, कवळी बसवतात, हिरा कोंदणात बसवतात. खोचणे, रोवणे, कोंबणे हे शब्द तर किती जोर लागला तेही सांगतात.

आता अंगावर काही चढवण्याकडे बघा. इंग्रजीत टोपी, चष्मा, साडी, गजरा, अत्तर, बांगड्या, सगळं ‘पुट ऑन’. डचमध्ये कपडे ‘आनट्रेकन’, म्हणजे अंगावर ओढायचे. टोपी आणि चष्मा ‘ऑपझेटन’, म्हणजे वर उभे करायचे. गळपट्टा ‘ऑमदून’, म्हणजे भोवती करायचा. मराठीत तर हा सगळा दागिन्यांचा डबाच आहे. साडी नेसतात, सदरा घालतात, गजरा माळतात, बांगड्या भरतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, अत्तर लावतात. साडी ‘घातली’ असं आता विक्रोळीच्याच काय, कुठल्याही महाविद्यालयाच्या आवारात ऐकू येतं. मला ते खटकतं. तयार शिवलेलं अंगात घालायचं आणि न शिवलेलं अंगाभोवती नेसायचं, धोतरही नेसायचंच, हा भेद एका शब्दानं जपला होता. ‘घातली’ म्हटल्यावर अर्थ कळतो, पण तो भेद जातो.

‘घालणे’ हा शब्द आज मुंबईत अडचणीत आहे, आणि त्याचं प्रतिबिंब कन्नमवार नगरात, टागोर नगरात, पार्कसाइटला सारखंच दिसतं. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या घरांत भाजीत मीठ ‘घालतात’. खानदेश-विदर्भातल्या घरांत ‘टाकतात’. दोन्ही आपापल्या जागी जुनं आणि चोख मराठी आहे, आणि विदर्भातल्या ‘टाक’ला अशुद्ध म्हणणारे लोक स्वतःचाच मुलूख भाषा समजतात. मुंबईत मात्र ‘टाक’ पसरला तो बराचसा हिंदी ‘डालना’च्या रेट्यामुळे. दूरचित्रवाणीवरच्या पाककृतींत ‘आता आपण हळद टाकूया’ रोज ऐकून ज्या घरांत ‘घाल’ होतं तिथली मुलंही ‘टाक’ म्हणू लागली. त्यात एक बारीकसा अर्थ हरवतो. झाडाला पाणी घालतात, बाळाला न्हाऊ घालतात, पाहुण्याला जेवायला घालतात. या ‘घाल’मध्ये ज्याला घालायचं त्याची जोपासना आहे. भाजीत मीठ घालणारी बाई त्याच ओळीत बसते. आणि तरीही मीठ जास्त झालं की ‘घाल’ म्हणणारे आणि ‘टाक’ म्हणणारे, दोघेही ‘मीठ जास्त पडलं’ असंच म्हणतात. घालणेला लावणे-लागणेसारखी पक्की जोडी नाही, म्हणून तिथे पडणेच मदतीला येतं.

ही क्रियापदं कागदावर बांधणं किती कठीण असतं ते ज्यांनी मराठीचे पहिले मोठे कोश केले त्यांना पुरतं ठाऊक होतं. शास्त्रीपंडितांचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये आला, जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६०,००० च्या घरात गेले. उलट्या दिशेचा, इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनी हाती घेतला, पण प्रकृतीनं साथ दिली नाही आणि थॉमस कँडी यांनी तो पुरा करून १८४७ मध्ये प्रसिद्ध केला. मराठीत विरामचिन्हं रुळवणारे कँडी ते हेच. दोन कोशांच्या दिशांत मोठा फरक आहे. मराठीकडून निघणारा ‘लावणे’खाली उदाहरणांची रास रचू शकतो. इंग्रजीकडून येणाऱ्याला ‘पुट’समोर उभं राहून विचारावं लागतं: काय, कशात, कशासाठी, कुणी?

हीच अडचण त्याआधी डचांनाही आली असणार. १६३७ मध्ये त्यांची वखार वेंगुर्ल्याला होती, तिचे अवशेष आजही तिथे आहेत. वखारीच्या व्यवहाराला नामांच्या याद्या पुरतात: मिरी, तांदूळ, कापड. क्रियापदांसाठी व्याकरण लागतं, आणि हिंदुस्तानी भाषेचं आज ज्ञात असलेलं पहिलं व्याकरण डच भाषेतच लिहिलं गेलं. १६९८ ची त्याची हस्तलिखित प्रत आहे आणि लेखक होता डच कंपनीच्या नोकरीतला योआन योसुआ केटलार.

‘पुट’चे जे वाक्प्रचार वस्तू ठेवण्यापासून फार दूर गेले आहेत त्यांच्याबद्दल थोडक्यात. ‘पुट ऑफ’ म्हणजे आपलं ‘पुढे ढकलणे’. मूळचा ढकलण्याचा अर्थ इथे मराठीत योगायोगानं परत भेटतो. आग ‘पुट आउट’ करायची तर डचमध्ये ‘ब्लसन’, मराठीत विझवणे. प्रश्न डचमध्ये ‘स्टेलन’ करतात, आपण विचारतो. अशा ठिकाणी सरळ अख्खा वाक्प्रचार उचलावा आणि दुसऱ्या भाषेतला अख्खा ठेवून द्यावा. चित्र बघायची युक्ती तिथे चालत नाही.

ती युक्ती नव्या वस्तूंना मात्र चांगली चालते, आणि हे काम आज कोशकार करत नाहीत, फोन हातात असलेले सगळे करत आहेत. मोबाइल चार्जिंगला लावतात, कारण तो तारेला भिडलेला असतो. गाणं लावतात, गजर लावतात. डचमध्येही गजर ‘झेटन’ करतात, आणि कॉफी करणंही ‘झेटन’च. फोटो ग्रुपवर टाकतात, कारण हातून सुटला की तो सगळ्यांचा होतो. पण स्टेटस ठेवतात: ते आपलं असतं, चोवीस तास राहणार असतं, आणि नको वाटलं तर काढता येतं. हे कुणी कुणाला शिकवलं नाही. आइंडहोव्हनमध्ये कुणी फोटो फेसबुकवर ‘झेटन’ करतो, आणि मग तो तिथे बातमीसारखा ‘उभा’ असतो. विक्रोळीत तोच फोटो टाकला जातो, आणि दोन मिनिटांत कुणीतरी विचारतं, ग्रुपवर फोटो पडलेत, बघितलेस का?